नायकिणीचा इसबगोल

सोलापूरच्या गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात आम्हा बायकांच्या कामावर देखरेखीला एक नायकीण होती. तिच्या कनवटीला कायम इसबगोलाच्या भुश्शाची डबी असायची. कुणाचं पोट तटलं की चमचाभर भुसा हातावर ओतायची आणि ठरल्या चालीत म्हणायची, "वर तांब्याभर पानी पी गं बाई, कोरडा गिळू नगं." सांगणं खरंच होतं. पण संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत पाण्याला ती एकदाच उठू द्यायची. दुसऱ्यांदा उठणारीला दारातूनच घरी पाठवायची. आमची पोटं तटत होती ती त्यामुळेच.

एकदा शेजारच्या तानीनं आपलं एकदाचं पाणी उन्हासाठी राखलं आणि भुसा कोरडाच तोंडात टाकला. तो घशात फुगला, तिचे डोळे पांढरे झाले. नायकीण धावत आली. पाठीत थापट्या मारून तिनं गोळा बाहेर काढला, स्वतःच्या तांब्यातलं पाणी घोटघोट पाजलं. "माजी लेक गं," म्हणत रडलीसुद्धा. तिला वाईट म्हणायचीही सोय नव्हती.

तानीला श्वास आला. नायकिणीनं पदरानं डोळे पुसले, तांब्या उचलला.

"बस आता कामाला. तुजं आजचं पानी झालं."