नऊ माणसं कमी

परतूरच्या बाजारात एक ज्यू म्हातारा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. मशीनची नुसती घरघर ऐकून, शिंपी आज बायकोशी भांडून आलाय, हे तो सांगायचा. शनिवार मात्र त्यांच्या विश्रांतीचा वार; त्या दिवशी खुद्द देव मशीन घेऊन आला असता, तरी त्यालाही "उद्या या" म्हणाला असता. अख्ख्या जिल्ह्यात त्यांच्यातलं त्याचं एकच घर उरलेलं.

त्याची बायको वारली. तिच्यासाठीच्या प्रार्थनेला त्यांच्यात दहा पुरुष लागतात. मी म्हटलं, दहा काय, हजार आणतो! आणि खरंच, मला धरून नऊ जण, त्यांच्यात डोकं झाकतात म्हणून टोप्या घालून, त्याच्या दारात हजर झालो.

त्यानं डोळे पुसले. "राजेहो, आमच्यातलेच लागतेत. पण आलात तर बसा, च्या घ्या."

मी म्हटलं, "मंग पोराकडं इस्रायलला जा की, बाबा. तिथं जल्दी जमतेत."

"तिथं दहा हायेत. पण ती हितं हाये ना."

गेल्या महिन्यात तोही गेला. पोरगा वेळेत पोचला नाही. तिच्या शेजारच्या खड्ड्याभोवती आम्ही नऊ जण पुन्हा टोप्या घालून उभे राहिलो. प्रार्थना येणारा एकटा तोच होता.