दोन हजार माझे नव्हते

एका सोमवारी आमच्या कॉलेजात मी अचानक मोठी शास्त्रज्ञ झाले. म्हणजे मला करून टाकलं.

मी भिलाईच्या एका साध्या कॉलेजात वीस वर्षांपासून रसायनशास्त्र शिकवते. सोळा वर्षं झाली, अहिवारा आणि नंदिनी नगरकडच्या चुनखडीच्या पट्ट्यातलं विहिरींचं पाणी तपासते आहे. स्कूटीच्या डिकीत बाटल्या आणि उन्हाने रापलेलं तोंड, एवढीच माझी प्रयोगशाळा. प्रोफेसरपदासाठी अर्ज भरायला घेतला तर त्यात रकाना होता, सायटेशन किती? दुसऱ्यांनी त्यांच्या पेपरांत तुमच्या पेपरांचा हवाला किती वेळा दिला, ते. माझे एकेचाळीस.

पण मी लिहिण्याआधीच ऑफिसातल्या बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, कौतुकाने संशोधकांच्या साइटवरचं माझं पान भरून ठेवलं. ते आमच्या विदर्भातलेच, रिटायरमेंटला आलेले. संगणक विचारत होता, हा पेपर यांचाच का? आडनाव तेच, नावाची आद्याक्षरं तीच, म्हणून ते 'हो' दाबत गेले. पगारपत्रक तसंच जुळवायची त्यांना सवय. आता आमचं आडनाव नागपूरपासून गोंदियापर्यंत गल्लोगल्ली सापडतं. कोणाचे हृदयाच्या झडपांवरचे पेपर, कोणाचे माशांच्या रोगांवरचे, सगळे माझ्या पदरात पडले. आकडा दोन हजारांवर गेला.

स्टाफरूममध्ये एक सर आहेत. माझ्या पाठीमागे "कोटे से आई है" म्हणत त्यांची वीस वर्षं गेली. आकडा ऐकून ते त्या दिवशी उठून उभे राहिले. "मॅडम, आपने तो छुपाके रखा था."

खरं सांगते, बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण बरं वाटलं. ते तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून मी किती मरमर केली होती, आणि बंद कोणी केलं, तर माशांनी!

घरी, वैशाली नगरला, बाबा मेथी निवडत बसले होते. स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यापासून भाजी त्यांच्याकडे.

"बाबा, राहू देऊ का तो आकडा? मी तं कोणाले खोटं सांगतलं नाई."

"तुले माशांचं काही समजते का?"

"नाई."

"मंग मले कावून विचारून राहिली? अर्जावर सही तुले करा लागते."

मला राग आला. आमच्या घरात शिकायला कोणी अडवलं नाही, पण तयार उत्तरही कोणी हातावर ठेवलं नाही. रागारागातच दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले.

"मॅडम, तुमचंच भलं करून राहिलो होतो," बाबूंचा चेहरा पडला.

"माहीत हाय भाऊ. पण हे मेले मासे माह्या घरचे नाईत."

दुपारभर ते गाल फुगवून 'नाही' दाबत राहिले. आकडा उतरत उतरत एकेचाळीसवर आला. मी सही केली.

मुलाखत घेणाऱ्या साहेबांसमोर बाबूंनी फाइलीत लावलेली दोन्ही पानं होती, दोन हजारांचं आधीचं आणि एकेचाळीसचं नंतरचं. "किसी ने शिकायत की थी क्या?"

"नहीं सर. किसी को पता ही नहीं था."

त्यांचा विश्वास बसला नाही. मग म्हणाले, एकेचाळीस कमी आहेत, डॉक्टरकीवाल्यांचे बघा किती असतात. मी हिंदीत बोलले, इथे माझ्या भाषेत सांगते. सर, तिथे लिहिणारेच हजारो, म्हणून हवाला देणारेही हजारो. अहिवाऱ्याच्या विहिरींवर लिहिणारी मी एकटी. माझा हवाला देणार कोण, विहीर?

प्रमोशन झालं नाही.

आठवड्याभरात स्टाफरूममध्ये कोटा पुन्हा सुरू झाला. या वेळी मी दारातच होते. सरांसमोर खुर्ची ओढून बसले आणि त्यांच्याच हिंदीत सांगितलं.

"हो, कोट्यातून आले. तो माझा हक्क होता, मी घेतला. दोन हजार माझे नव्हते, ते मी परत केले. तुमच्या यादीत तुमचे किती आहेत, एकदा मोजून बघा."

सरांनी चहा अर्धा ठेवला आणि रजिस्टर उचलून तासाला निघाले.

त्यांचा तास नव्हता.