मालिंदीच्या वाऱ्याची पिशवी

ओमानमधल्या सीबच्या जुन्या सूकमागे, म्हणजे बाजारामागे, आमच्या शेजारी खुदेजाभाभीचं शिवणकामाचं दुकान आहे. मी एसी दुरुस्त करतो. तिच्या हट्टापुढे हात टेकलेला मी काही एकटा नाही.

नवरा हारून पाठीच्या दुखण्याने घरी बसल्यापासून सगळं तिच्यावरच होतं. त्यात ती शिवायची ते अबाया, बायकांचे पायघोळ झगे, रेडिमेड मिळू लागले आणि गिऱ्हाईक आटलं. तेवढ्यात सादिक नावाच्या व्यापाऱ्याने वेगळंच काम आणलं: केनियाच्या किनाऱ्यावरच्या मालिंदी विमानतळासाठी वाऱ्याच्या पिशव्या. धावपट्टीशेजारी खांबावर फडफडणारी ती नारिंगी-पांढरी कापडी नळी. तिच्याकडे बघून वैमानिकाला वारा कळतो. हे काम टिकलं तर दुकान राहणार, नाहीतर सगळ्यांनी दापोलीला परत.

पहिल्या चार पिशव्या दोन महिन्यांत शिवणीवर उसवून परत आल्या.

"भाभी, खलास," सादिक म्हणाला. "आता फॅक्टरीचा माल मागवतो."

"पंधरा दिवस थांबा सादिकभाई. मग खलास म्हणा."

चूक तिची तिलाच सापडली. अबायाच्या सवयीने तिने सुती दोऱ्याची नाजूक, एकेरी शिवण घातली होती. "माझा बाप हर्णैला गलबतांची शिडं शिवायचा," ती चिडून मला म्हणाली. "दोऱ्याला मेण, शिवणीला दुहेरी दुमड. आणि मी त्याची मुलगी वाऱ्याला अबाया घालत बसले!"

नवी पिशवी तिने जाड दोऱ्याने, हाताने शिवली. बोटांची सालं निघाली. मला गच्चीवर खांब उभारायला लावला. रोज सकाळी पिशवीवर बादलीभर खारं पाणी ओतायची आणि दिवसभर तिला उन्हावाऱ्यात सोडायची.

"भाभी, गच्चीवर विमान उतरवणार काय?" मी चेष्टा केली.

"उतरवते. आधी खांब सरळ करा, स्वरूपभाई."

मला रागच आला. खांब खरंच वाकडा होता.

पंधराव्या दिवशी सादिक गच्चीवर आला. दोन्ही हातांनी शिवण ओढली, जवळजवळ लोंबकळलाच. ती तसूभर हलली नाही.

"यल्ला, चला भाभी, चार शिवा."

सहा महिन्यांनी त्याने मालिंदीचा फोटो पाठवला. खांबावर टम्म फुगलेली पिशवी, मागे उतरणारं विमान.

"अम्मी, प्लेन बघ, सो क्यूट!" लेक अंबरीन ओरडली.

भाभीने विमानाकडे पाहिलंच नाही. दोन बोटांनी फोटो मोठा करत ती थेट शिवणीपाशी गेली.

"शिवणीने धरलंय," म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.