पाडव्याचा उशीर

डोंगराच्या पांढऱ्या उतारावर तीन ठिपके होते. त्यांच्या वरचा बर्फ अख्खा सुटला, दुधावरची साय सरकावी तसा, आणि तो थांबला तेव्हा दोनच ठिपके उरले. आवाज मला नंतर ऐकू आला.

मी खाली पार्किंगमध्ये दुर्बीण घेऊन बसले होते. लाल जॅकेट लेकीचं, पिवळं तिच्या मैत्रिणीचं. दोन्ही दिसत होती. निळं कुठेच दिसेना. निळं जावयांचं.

शेजारी एक गोरा माणूस कुत्र्याला पाणी पाजत होता. मला इंग्रजी येत नाही. मी त्याला बाहीला धरून ओढलं आणि दुर्बीण त्याच्या डोळ्यांना लावली. त्यानं फोन केला. मी दुर्बीण परत घेतली. वर त्या दोघी फावड्यांनी बर्फ उपसत होत्या.

जावयांनी मला आदल्या दिवशीच सगळं समजावलं होतं. या दिवसांत बर्फ रात्री गोठून दगडासारखा होतो. अंधारात चढायला लागायचं, ऊन येऊन वरचा थर जरा मऊ झाला की स्कीवरून उतरायचं. उशीर झाला तर पाणी आत मुरतं आणि उतारच्या उतार खाली येतो. चौथी शिकलेल्या मलाही ते कळलं. म्हणून ते पहाटेच निघणार होते.

मी म्हटलं, उद्या पाडवा आहे. गुढी सूर्य उगवल्यावर उभारतात. घरात जावई असताना मी एकटीनं उभारायची का?

लेक भडकली. अमेरिकेतल्या सांता क्लाराच्या ऑफिसातून तिघांनी कशीबशी रजा जुळवली होती. तिची मैत्रीण नागपूरची, ती हसून म्हणाली, "मावशी, बर्फ पंचांग पाहत नाही ना."

मी म्हटलं, "तुझ्या आईला फोन लाव. विचारते, पोरीला काय शिकवलं."

सगळे हसले. जावई लेकीला म्हणाले, "राहू दे गं. आई पहिल्यांदा आल्यात. उजाडल्यावर निघू."

सासूला नाही म्हणायची त्यांच्या घरी रीत नव्हती. हे मला माहीत होतं. लेकीशी वाद घालत बसण्यापेक्षा त्यांच्याकडे बघून बोलायचं, एवढी अक्कल मला होती.

सकाळी जावयांनी एका जास्तीच्या स्कीच्या काठीला माझी कोरी साडी बांधली, वर गडू पालथा घातला आणि आम्ही भाड्यानं घेतलेल्या लाकडी केबिनच्या दारात गुढी उभी केली. माझ्या पाया पडले. मग मी श्रीखंड-पुरी वाढली. सणाच्या दिवशी उपाशी पोटी कुणाला पाठवायचं नाही, हे मीच ठरवलेलं. लेक बूट घालून दारात उभी होती. जावई म्हणाले, "बस झालं, आई." मी आणखी दोन पुऱ्या वाढल्या. त्यांनी त्या खाल्ल्या.

निघाले तेव्हा पायरीवर ऊन आलं होतं.

हेलिकॉप्टर आलं. संध्याकाळी बचाव पथकातला माणूस लेकीशी बराच वेळ बोलला. असं सकाळी लवकरही होऊ शकतं, म्हणे. लेकीनं ते मला मराठीत सांगितलं, माझ्याकडे न बघता.

मी विचारलं, "माझ्यामुळे ना?"

तिनं बूट काढले. मग म्हणाली, "बर्फ मऊ लागायला लागला तेव्हा मी म्हटलं होतं, परत फिरू. तो म्हणाला, नको. आईंना वाटेल, त्यांच्यामुळे आपलं राहिलं."

मी तिचे ओले मोजे काढून हीटरवर टाकले.

वर तिघं गेली होती. माझी लेक वाचली आणि तिची मैत्रीण वाचली.