वकिलांचा थंड देशातला बंगला

गोपाळकृष्ण वकिलांनी स्वित्झर्लंडात बंगला घेतला, ही कुजबुज अमरावतीच्या अंबापेठेत सुरू झाली. राजापेठेत पोचेपर्यंत बंगल्यासमोर तळं आलं होतं, आणि बडनेऱ्याला पोचली तेव्हा तळ्यात होडीही होती. सन साठ-एकसष्टची गोष्ट. खरं-खोटं करायला स्वित्झर्लंडला कोण जातो? म्हणून गावानं ती खरीच मानली.

पण अफवेचा पाया वकिलांनीच भरला होता हो! वकिली सोडल्यावर माणसं गीता उघडतात, यांनी भिंतीवर जगाचा नकाशा लावला. "मे महिन्यात अमरावतीत मिरच्या वाळाव्यात, माणसांनी राहू नये," असं त्यांचं मत. म्हातारपण थंड देशात काढायचं हे नक्की होतं, देश तेवढा ठरायचा होता. सरकार त्या काळी परदेशी जाणाऱ्याच्या हातावर मोजके पौंड ठेवी. त्यात बंगला सोडा, बंगल्याची कडीही आली नसती. पण ही अडचण वकिलांच्या लेखी किरकोळ. कायद्यातून वाट निघतेच, यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा.

संध्याकाळी ओट्यावर पाणी शिंपडलं की दरबार भरे. एक रामराव मास्तर, भूगोल शिकवून निवृत्त झालेले. दुसरे हिवरखेडचे चंद्रभान, कपाशीवाले जुने पक्षकार. बाजाराला आले की मुक्काम इथेच.

"स्वित्झर्लंड," वकील नकाशावर छडी टेकवून म्हणत. "बर्फ, हिरवळ, धष्टपुष्ट गाई."

"गाई हायेत ना?" चंद्रभान पुढे सरकले. "मंग गवऱ्या थापतेत का तिकडं?"

"गवऱ्या कशाला?"

"अन् रोडगे कायच्यावर भाजसान, वकीलसाहेब? रोडगे-वांग्याबिगर तुमचा रविवार गेला का कधी?"

वकिलांनी छडी नकाशावरून काढली. स्वित्झर्लंड त्या दिवशी गवऱ्यांवाचून बाद झालं. मग काठमांडूचा विचार झाला, तो भूकंपाच्या भयानं बारगळला. मग नैरोबी.

"तिथं सिंह आहेत, गोपाळराव," रामराव म्हणाले.

"तर मंग आपल्या जंगलातल्या सेमाडोहलेच घ्या ना घर," चंद्रभान म्हणाले. "वाघ हायेत, अन् भाडंबी कमी."

आत अनसूयाबाई हे सगळं ऐकत, पोळ्या लाटत असत. त्यांना कुठलाच देश नको होता. त्यांचा जीव अकोल्यात अडकलेला. एकुलती एक लेक अनुपमा तिथे दिलेली, आणि गुडघे असे की गाडीची चढउतार वरचेवर व्हायची नाही. पण अकोल्यात राहायला जायचं नाव कोण काढणार? मास्तरांचे मित्र गोवर्धनराव मूर्तिजापूरला मुलीच्या शेजारी राहायला गेले, तेव्हा याच ओट्यावर वकिलांनी त्यांचं नाव 'घरसासरे' ठेवलं होतं. गाव आठवडाभर हसलं. नाव असं चिकटलं की गोवर्धनराव पुन्हा अमरावतीत दिसले नाहीत.

त्या वर्षी मे महिन्यात अनुपमाचा निरोप आला, म्हणून दोघं अकोल्याला गेले. आता अकोल्याचा उन्हाळा म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. टांग्यातून उतरून वकील लेकीच्या बैठकीत टेकले. घसा कोरडा ठाक. अनुपमानं माठातलं पाणी आणून पुढे धरलं. वाळ्याचा वास दरवळला.

"नको बाळ," वकील तांब्याकडे न बघता म्हणाले.

"बाबा, पाणीच तर आहे!"

"तुझ्या मांडीवर मूल खेळू दे, मग जेवूनच जाईन. तोवर लेकीच्या घरचं पाणी नाही."

चार वर्षं हाच नियम होता. जगातल्या सगळ्या कायद्यांत फट शोधणारा हा माणूस या एकाच कायद्यापुढे हात जोडून उभा राही. अनुपमा तांब्या घेऊन आत गेली, ती लवकर बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे धुतलेले होते. वकिलांनी ते पाहिलं आणि छताचे वासे मोजायला लागले.

स्टेशनवर पोचताच ते नळाला तोंड लावून उंटासारखे प्याले. धोतर भिजलं. अनसूयाबाई ट्रंकेवर बसून बघत होत्या.

"झालं?"

"झालं."

"नकाशात एक देश राहिलाय तुमचा बघायचा."

"कोणता?"

"जिथं आपलं आपल्याला घोटभर पाणी मिळेल, असा."

परतीच्या गाडीत वकील खिडकीशी बसले. कायद्याचा किचकट मुद्दा सुटायला लागला की ते मिशीचं टोक चावत. त्या दिवशी मूर्तिजापुरापासून बडनेऱ्यापर्यंत चावत होते.

त्यानंतर नकाशा उतरला. वकील आणि अनसूयाबाई पंधरा-पंधरा दिवस गायब होऊ लागले. परत आले की ओटा विचारी.

"कुठी गेल्ते, वकीलसाहेब?"

"नव्या घरी."

"थंड आहे का?"

"पाणी फार थंड."

"नाव तरी सांगा गावाचं!"

"जीभ वळायची नाही तुमची."

चंद्रभानांनी एकदा त्यांच्या बंडीवरचे घामाचे मिठाळ डाग न्याहाळले. "थंड देशाचा घाम लईच खारा दिसून राहिला," इतकंच ते म्हणाले. पण रामरावांनी रात्रीच्या जेवणाआधी स्वित्झर्लंड सगळीकडे पोचवलं होतं. वकिलांच्या ते कानावर आलं, आणि त्यांनी नाकारलं नाही.

अनसूयाबाईंनी एकदा जाताना पोतंभर गवऱ्या बरोबर नेल्या. त्यावर कोणी फार विचार केला नाही.

गोपाळकृष्ण वकिलांनी परदेशात घर घेतलं नव्हतं. अकोल्यात, अनुपमाच्या दारासमोर, त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या. रोज दुपारी ती रस्ता ओलांडून येई आणि त्यांच्याच माठातलं पाणी त्यांना देई.