बरखेड्यातला समुद्र

नीळकंठराव देवपुजारींनी बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये समुद्र आणला, ही बातमी टाकी घरात शिरायच्या आधीच शेजारच्या सोनागिरी वस्तीत पोचली होती. बदली झालेल्या एका साहेबांची ती खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. आत नुसतं शेवाळ आणि एकच प्रवाळ, तोही मिटून बसलेला.

"गणपतीपर्यंत हा उमलला नाही, तर टाकी कबाड्याला. तिथे मखर बसेल," त्यांच्या पत्नीने, सुचेताबाईंनी बजावलं.

नीळकंठरावांनी शेवाळ खरवडलं, पंप उघडून साफ केला. टाकीतलं पाणी आटलं, की समुद्री मीठ कालवून नवं पाणी ओतायचे. प्रवाळ मात्र सासुरवाडीत रुसलेल्या जावयासारखा आणखीच आक्रसला.

एकदा सुचेताबाईंनी त्यांना मीठ कालवताना पकडलं. "अहो, आमटी आटली तर पाणी घालतात की आणखी मीठ? वाफेबरोबर मीठ उडतं होय?"

बॉयलरच्या कारखान्यात हयात घालवलेल्या माणसाने मिठाची पिशवी गुंडाळून ठेवली! मग मात्र त्यांनी रोज थोडं खारं पाणी काढून फिल्टरचं बिनमिठाचं पाणी भरलं. पुढच्याच आठवड्यात प्रवाळाने जांभळी बोटं पसरली.

गणपतीत मखर टीव्हीच्या जागी बसलं. आरतीला आलेल्या बायकांना सुचेताबाई टाकीपाशी नेऊन सांगत, "हा माझा प्रवाळ." माझा हं!