खात्री नसेल तर एन म्हणा

पडद्यावर माझं आडनाव होतं. मोठ्या इंग्रजी अक्षरांत, मेन्यूच्या मधोमध, वरती ब्लूटूथ आणि खाली कॅमेरा. पुढे रिकामा चौकोनी कंस. रिकामा म्हणजे बंद.

सोमवारची मीटिंग होती. आठ जण, एक टेबल, भिंतीवर प्रोजेक्टर. आमचे टीम लीड, म्हणजे सर, त्या ओळीवर आले आणि त्यांनी मदतीचं बटण दाबलं. टीप उघडली. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं: 'हा पर्याय कोट्यावर अवलंबून आहे. जागा खातो. चालेलच याची हमी नाही. खात्री नसेल तर एन म्हणा.'

सगळे हसले. एकाला तर इतकं हसू आलं की चहा नाकातून आला. निदान त्याचं नाक भाजलं असेल, याचं मला आजही बरं वाटतं.

"अगं, गंमत आहे," सर म्हणाले. "स्पोर्टिंगली घे."

मीही हसले. दात दाखवून हसले.

हे काम काय असतं ते सांगते. गावातल्या पाण्याच्या टाक्यांवर बसवायचे डबे आमची कंपनी बनवते. टाकीत किती पाणी आहे ते डबा मोजतो आणि पंप चालू-बंद करतो. डब्यात छोटा संगणक असतो. त्याच्या बुडाशी जी प्रणाली चालते, ती कर्नल. कर्नल बांधण्याआधी हजारो पर्याय समोर येतात आणि प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं. वाय म्हणजे आत बांधा. एन म्हणजे नको. एम म्हणजे बाहेर वेगळं ठेवा, लागलं तर बोलवा. पर्यायांखाली टिपा असतात आणि बऱ्याच टिपांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: खात्री नसेल तर एन म्हणा. हजारो वेळा मी ते वाचलं होतं. कधी मनाला लागलं नव्हतं, कारण ते यंत्राबद्दल होतं.

ही उत्तरं देणं, म्हणजे कॉन्फिग करणं, हेच माझं काम. पहिले दोन महिने ते चोख होतं, असं सर स्वतःच चारचौघांत सांगायचे. माझं आडनाव तसं फसवं, दोन-तीन समाजांत चालणारं. सरांनी बिचाऱ्यांनी मला आपल्यातली धरलं होतं. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला आणि मी सवयीने म्हणाले, "जय भीम, आई." शेजारच्या टेबलावरचे चमचे थांबले. दुकानदाराने खोटी नोट हातात ठेवावी, तसं सरांचं तोंड झालं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या कामात चुका सापडू लागल्या.

आणि कोटा म्हणे! खासगी कंपनीत कसला कोटा? मी लेखी परीक्षा आणि तीन मुलाखती देऊन आत आले. सर मामेभावाच्या ओळखीने आले. हे त्या टेबलावरच्या आठही जणांना ठाऊक होतं आणि तरी हसायचं कोणावर, ते ठरलेलं होतं.

त्या सोमवारी कोराडीची बस धरून घरी गेले. माझी आई तिथल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. तिच्यापुढे काही लपत नाही.

"काहून वं, जेवून काहून नाही राहिली? भाजी आवडली नाही काय?"

मी सगळं सांगितलं. वाटलं, ती रडेल, नाही तर सरांना शिव्या घालेल. तिने पोळी तव्यावरून उतरवली.

"त्यानं लिवलं ते लिवलं," ती म्हणाली. "तू काहून हासली?"

मला लाज वाटली, आणि ती लाज पडद्यावरच्या आडनावाची नव्हती, माझ्या दातांची होती. इथून पुढे मला सरांना अहो-जाहो करवत नाही. लिहितानाही नाही.

पंधरा दिवसांनी भिवापूर तालुक्यात नवे बसवलेले डबे बंद पडले. सगळेच. डबा बंद म्हणजे पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे गावाचे नळ कोरडे. तो टीम लीड आणि मी गाडीने गेलो. टाकीच्या लोखंडी शिडीवर लॅपटॉप घेऊन मी चढले. हा खाली गाडीत काचा लावून बसला, कारण शेजारच्या अंगणात मिरच्या वाळत होत्या आणि साहेबांना ठसका लागत होता. खाली बायका पाण्याचे रिकामे गुंड-हंडे घेऊन उभ्या. एक ओरडली, "बाई, दोन दिस झाले पानी नाही! पाहून राहिली का नुसती?"

मी पाहत होते, आणि एका मिनिटात मला दिसलं. डब्याची साठवण वाचणारा भाग मी आत बांधला होता, वाय. कोणीतरी त्याचं एम केलं होतं. आता तो भाग त्याच साठवणीत जाऊन बसला, जी त्याच्याशिवाय उघडतच नाही. किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप घातलं होतं. ऑफिसातले डबे नेटवर्कवरून सुरू होतात, म्हणून तिथं काही कळलं नव्हतं. शिकाऊ पोरगंही पहिल्या महिन्यानंतर ही चूक करत नाही.

परतताना गाडीत तो म्हणाला, "क्लायंटला मेल तू लिही. म्हण, कॉन्फिग करताना माझ्याकडून राहून गेलं."

"सर, एम तुम्ही केलंय. माझी तपासणी झाल्यावर फाइल फक्त तुमच्या हातात होती. नोंदीत दिसेलच."

"कोणी केलं हा प्रश्नच नाही. कोणाला परवडेल हा प्रश्न आहे. तू प्रोबेशनवर आहेस, नवीन माणसाची चूक लोक समजून घेतात. माझी कोण घेणार?" मग म्हणाला, "तुझं कन्फर्मेशन माझ्याच सहीने होणार आहे."

काय मागत होता हा माणूस! कामाने माझ्यापेक्षा कमी, आणि ते कमीपण मी माझ्या नावावर घ्यावं. वर ते उपकार केल्यासारखं मागत होता.

"मी नाही लिहिणार," मी म्हणाले.

त्याने गाडीतल्या गाण्यांचा आवाज वाढवला.

ऑफिसात पोचल्यावर आधी ते एम परत वाय केलं आणि नवा कर्नल कार्डांवर घालून माणसाबरोबर भिवापूरला पाठवला. गावांना पाणी सुटलं. मग नोंदी उघडल्या. आमच्याकडे प्रत्येक बदल कोणी केला, कधी केला, हे नावासकट राहतं. वायचं एम केल्याची ओळ सापडली, त्याच्या नावाची. आणि शोधताना आणखी एक सापडली. गंमत करायला या हुशार माणसाने खऱ्या कामाची फाइल वापरली होती, आणि हाताच्या सवयीने ती सगळ्यांच्या सामायिक साठ्यात जमाही करून टाकली होती. माझं आडनाव, कोटा, सगळं. त्याच सोमवारी दुपारी त्याने ते पुसलं. पण पुसल्याचीही नोंद राहते, पुसणाऱ्याच्या नावासकट. दोन्ही ओळी जोडून मी तक्रार केली.

एचआरच्या मॅडमनी बोलावलं. पाणी दिलं. आवाज मऊ.

"सर सॉरी म्हणायला तयार आहेत. केबिनमध्ये, तोंडी. डब्यांचं आपण 'तांत्रिक कारण' लिहू. कोणाचंच नाव नको."

"चूक त्यांची निघाली तेव्हाच नाव नको झालं?"

"तुम्हाला नेमकं हवंय काय?"

"त्यांनी लिहावं. दोन्ही गोष्टी. सगळ्या ऑफिसला जातं त्या मेलवर."

"हे जरा जास्तच होतंय हं."

गावाचं पाणी दोन दिवस बंद राहिलं ते जास्त नव्हतं. आठ जण हसले ते जास्त नव्हतं. त्याने आपल्या हाताने चार ओळी लिहाव्यात, हे मात्र जास्त.

कन्फर्मेशनचं पत्र अजून आलेलं नाही. बहुतेक येणार नाही. जेवायला माझ्या टेबलावर कोणी बसत नाही, आईला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, पाय पसरून बस." तक्रार मागे घेण्याचा कागद मॅडमनी टाइप करून ठेवलाय, फक्त माझी सही बाकी. रोज सकाळी तो माझ्या कीबोर्डवर असतो. रोज मी तो उचलून बिनसहीचा परत नेऊन देते. उद्याही देईन. नोकरी गेली तर जाऊ दे. चूक त्याची आहे, आणि ती त्याच्याच नावावर राहील.